कागद नाकामालच्या दारात

"हातात दिला का?"

लेइसालेचा हा प्रश्न आमच्या बेटावर लहानथोरांना पाठ होता. दवाखान्यातून कुणाच्या गोळ्या आणल्या, राजधानी विलाहून येणाऱ्या जहाजातून कुणाचं पाकीट आलं, शेजारी मासा पाठवला, तरी तिचं विचारणं ठरलेलं. एकदा तिचा नवरा जिमी मासा पोचवून परत आला आणि म्हणाला, "घरात कोणी नव्हतं. दाराच्या खुंटीला टांगून आलो."

"म्हणजे मांजराला दिलास," लेइसाले म्हणाली. "जा परत."

जिमी गेला. जाताना एवढंच म्हणाला, की माझं लग्न एका बाईशी लागलं होतं, तिचं कोर्ट कधी झालं ते मला कळलंच नाही.

लोक हसायचे. पण तो प्रश्न मुळात लेइसालेचा नव्हताच. तो एकदा तिलाच विचारला गेला होता, आणि त्या दिवशी तिला हो म्हणता आलं नव्हतं.

ती आमच्या वोराके गावचीच. ज्वालामुखीच्या राखेच्या काळ्या मातीत तिच्या आईचा कोनफळाचा मळा होता, आणि तिची शाळा झाली सहाच वर्षं. पण अक्षर असं, की प्रत्येक अक्षर मळ्यातल्या खुंट्यांसारखं वेगळं आणि ताठ उभं. गावातल्या अर्ध्या लोकांची पत्रं तीच लिहायची. लिहिताना ऐकलेलं तिच्या पोटातच राहायचं, हेही सगळ्यांना माहीत होतं. म्हणून सरकारनं जेव्हा विचारलं, की जिथे मॅजिस्ट्रेट राहत नाही आणि पोलीस शेजारच्या बेटावर, तिथे संरक्षणाचे कागद काढायला कोणाला नेमायचं, तेव्हा चर्चच्या बायकांनी तिचं नाव दिलं. ती आठवडाभर विलाला शिकून आली. येताना फॉर्मचं पुस्तक, कार्बनचे कागद आणि एक शिक्का घेऊन आली. शिक्का ती मिठाच्या डब्यात ठेवी, तिथे मुंग्या लागत नाहीत म्हणून.

काम असं होतं. घरात कुणी मारलं, मारीन म्हणून धमकावलं, तर ते माणूस तिच्याकडे यायचं. ती चटईवर बसवायची, पाणी द्यायची, ऐकायची. काय झालं, कधी झालं, आधी झालं होतं का, पुन्हा होईल अशी भीती वाटते का. भीती खरी आहे असं पटलं, की ती तिथल्या तिथे आदेश लिहायची. तो चौदा दिवस चालायचा. तेवढ्यात मॅजिस्ट्रेट फेरीवर आले, की दोघांचं ऐकून पुढचा, लांबचा आदेश काढायचे. लिहायला तिला अर्धा तास पुरायचा. अवघड काम त्यानंतरचं. ज्याच्यावर आदेश आहे त्याच्या हातात तो कागद द्यायचा, त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवायचा, आणि वार, वेळ, जागा लिहून कोर्टाला कळवायचं. ज्याला आदेश ठाऊकच नाही, त्यानं तो मोडला असं कोण म्हणणार?

हे सगळं तिला शिकवलेलं होतं. तरी पहिल्याच खेपेला ती चुकली.

काल्तोइ हा तिच्या चुलतबहिणीचा, तौआराचा मुलगा. उंच, बोलायला लाजरा, चर्चमध्ये गाताना त्याचा आवाज सगळ्यांच्या खालून जमिनीसारखा यायचा. त्याची बायको नेली एका सकाळी फुटलेल्या ओठानं लेइसालेच्या अंगणात उभी राहिली. लेइसालेनं कागद लिहिला. काल्तोइ तेव्हा नाकामालमध्ये होता. नाकामाल ही पुरुषांची बसायची, कावाच्या मुळाचा गुंगी आणणारा रस प्यायची जागा. तिथे बाई पाऊल टाकत नाही. लेइसालेनंही टाकलं नाही. तिनं मान ठेवून कागद चीफ तारिपोआंकडे दिला आणि म्हणाली, एवढं त्याला द्या.

चीफनी तो आपल्या भजनाच्या पुस्तकात ठेवला. द्यायचाच होता. पण त्याआधी त्यांनी आपलं काम केलं. दोन्हीकडच्या लोकांना बोलावलं. काल्तोइच्या घरानं एक डुक्कर, कावाचं एक मूळ आणि एक लाल चटई पुढे ठेवली. नेलीच्या मामांनी ती घेतली, हात मिळवले, सगळे जेवले. आमच्याकडे भांडण असंच मिटतं, आणि त्या देण्याला आम्ही फाइन म्हणतो. कोर्टाकडून आलेल्या कागदालाही आम्ही फाइनच म्हणायचो. दुसरा शब्द नव्हता. मग फाइन भरला म्हटल्यावर कागद आपोआप मेला, असं चीफना वाटलं. त्यात कुणाची लबाडी नव्हती. लेइसाले सोडून अख्खं बेट तसंच समजत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी लेइसालेलाही थोडं तसंच वाटलं.

मॅजिस्ट्रेट जहाजातून आले, शाळेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकावर बसले आणि फाइल उघडून म्हणाले, "हातात दिला का?"

"चीफकडे दिला, साहेब."

"आदेश चीफवर होता का?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. हातात न दिलेल्या कागदावर पुढचा आदेश निघत नाही, म्हणून त्यांनी फाइल ढिगाच्या तळाशी ठेवली आणि पुढच्या फेरीची तारीख लिहिली. पुढची फेरी चार महिन्यांनी. नेली नवऱ्याच्या घरी परत गेली होती, कारण मामांनी चटई घेतली होती. चार महिने पुरे व्हायच्या आत तिचा डावा हात कोपराच्या वर मोडला.

लेइसालेनं ते ऐकलं तेव्हा ती मळ्यात वेल चढवत होती. तिनं हातातली काठी रोवली, माती पायानं दाबली, पुन्हा दाबली. मग घरी येऊन मिठाचा डबा उघडला.

हे झालं सोमवारी. नेली बेटाच्या पलीकडच्या अंगाला, फालेआ गावात, लेइसालेच्या धाकट्या बहिणीकडे जाऊन राहिली. नवा कागद लिहून झाला. मंगळवारी चीफनी पुन्हा दोन्ही घरं बसवली, पुन्हा डुक्कर, पुन्हा चटई. ठरलं असं, की शनिवारी तौआरानं फालेआला जायचं आणि सुनेला घेऊन यायचं. मॅजिस्ट्रेट येणार होते पुढच्या गुरुवारी. बुधवारी काल्तोइ आपली चादर घेऊन नाकामालमध्ये राहायला गेला. नाकामालला दार एकच, आणि लेइसालेआंटी आत येऊ शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बुधवारी आणि गुरुवारी लेइसालेनं दोनदा बाहेर बोलावणं धाडलं. तो आला नाही.

म्हणजे हातात उरला शुक्रवार.

शुक्रवारी सकाळी ती छत्री, हिरवी पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन निघाली, आणि नाकामालच्या वाटेच्या तोंडाशी नांगायच्या झाडाखाली जाऊन बसली. अगदी बाहेर, बाईनं जिथवर यावं तिथवर. विणायला काही आणलं नव्हतं. पिशवी मांडीवर, हात पिशवीवर.

माणसं येत जात होती. एकानं विचारलं, "आंटी, कावा आणून देऊ का एक वाटी?"

"तुझ्या कावानं झोप येते. मला जागं राहायचंय."

"संध्याकाळपर्यंत बसणार?"

"संध्याकाळ कुठे दिसतेय तुला आत्ताच?"

दुसरा म्हणाला, "आंटी, काल्तोइ म्हणतोय तो आजारी आहे."

"मग तर बाहेर यायलाच हवं. दवाखाना बाहेर आहे."

ऊन झाडावरून सरकत तिच्या गुडघ्यावर आलं तेव्हा चीफ तारिपोआ बाहेर आले. लेइसाले बसल्या बसल्या वाकली. चीफ तिच्यापासून दोन हातांवर दगडावर टेकले.

"सकाळपासून बसली आहेस."

"बसलेय, चीफ."

"नाकामालसमोर बाईनं असं बसून राहणं बरं दिसत नाही."

"आत आले तर याहून वाईट दिसेल."

चीफना हसू येत होतं, ते त्यांनी गालात दाबलं. "गोष्ट मिटली आहे, लेइसाले. मंगळवारी फाइन भरला. मग हा दुसरा फाइन कसला आणलास?"

"हा फाइन नाही."

"कोर्टाचा कागद म्हणजे फाइन."

हे बोलणं लेइसालेनं चार महिने मळ्यात एकटीनं घोळवलं होतं. तरी ते काढायला तिला वेळ लागला. "चीफ, मंगळवारी डुक्कर कशाचं दिलं?"

"हात मोडला त्याचं."

"म्हणजे झालेल्या गोष्टीचं. मग तो उद्या जे करेल त्याचं काय दिलंय?"

"उद्याचं आज कोण भरतं?"

"कोणीच भरत नाही. म्हणून हा कागद. मागचं तुम्ही मिटवलंत. ते तुमचं काम आहे, मी त्यात हात घालत नाही. कागद पुढचा आहे. तो डुकरानं फिटत नाही."

चीफनी समुद्राकडे तोंड वळवलं. तिकडेच बघत म्हणाले, "मागचा कागद तू माझ्याकडे दिला होतास."

"दिला होता. चूक माझी. त्यावर तुमचं नाव नव्हतं."

"अजून भजनाच्या पुस्तकातच आहे तो."

"असू दे. त्याचे दिवस संपले."

चीफ उठले, कंबर सरळ केली. "मी त्याला बाहेर काढणार नाही."

"काढा असं मी म्हटलंच नाही."

"तुला उठवणारही नाही," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर तौआरा आली. झावळीच्या टोपलीत किसलेल्या कंदाचं, पानात बांधून भाजलेलं गरम लापलाप होतं, नारळाच्या दुधाचा वास वाटभर पसरला होता. बुधवारपासून रोज दोन वेळा ती असंच आणायची आणि दाराशी येणाऱ्या कुणाही पुरुषाच्या हाती आत पाठवायची. लेइसालेला बघून ती थांबली. या दोघी एकाच अंगणात वाढल्या होत्या, एकाच माडावर चढून पडल्या होत्या.

"तुला दुसरा उद्योग नाही का गं?" तौआरा म्हणाली.

"तुझ्याशी भांडायला आले नाही मी."

"मग माझ्या पोराला तुरुंगात घालायला आलीस."

"या कागदात तुरुंग नाही. कागद मोडला तर आहे."

"मोडायचा प्रश्नच नाही. उद्या मी सुनेला आणायला चाललेय. फुकट नाही चाललेय. माझ्या दोन चटया गेल्यात त्यात."

"लाल काठाच्या?"

"दुसऱ्या कसल्या देतात?" तौआरानं टोपली खाली ठेवली. चटईचा विषय निघाला की तिला हात मोकळे लागायचे. बेटावर तिच्यासारखं विणणारं कुणी नव्हतं. "पहिलीला पाच महिने लागले. काय रंग चढला होता, तू बघितलीस ना. दुसरी तर पुरी झालीच नव्हती. मंगळवार आला म्हणून घाईत कड बांधली. लाज वाटली मला ती पुढे ठेवताना. लोकांना वाटलं असेल तौआराची नजर गेली."

"डुक्कर कुणाचं होतं?"

"त्याच्या बापाचं. दोन्ही खेपेला."

"आणि काल्तोइनं काय दिलं?"

 एक कोंबडी टोपलीच्या वासानं जवळ आली, तिला तौआरानं पायानं हाकललं. लेइसालेनं पुन्हा विचारलं नाही. नुसती बसून राहिली. तिला ते जमायचं.

मग तौआराच आपणहून म्हणाली, "तिसऱ्या चटईची पानं कापलीत मी. काल सोलून वाळत टाकली."

"तिसरी कशाला?"

"लागेल म्हणून."

शब्द तोंडातून गेले आणि तौआरानं ते स्वतःच ऐकले. ती आपल्या बोटांकडे बघू लागली. पानांच्या काट्यांनी चिरलेली, लाल रंग नखांच्या कडेला अजून बसलेला. आत कुणीतरी खोकलं. समुद्राकडून वारा आला आणि नांगायची दोन पानं टोपलीवर पडली, ती तिनं उचलून बाजूला ठेवली.

मग तिनं टोपली मांडीवर घेतली आणि लेइसालेच्या शेजारी बसली.

"काल्तोइ," तिनं हाक मारली. "जेवण बाहेर आहे."

आतून आवाज आला, "कुणाच्या तरी हाती पाठव, आई."

"तुला पाय आहेत."

"तिथे आंटी बसलीय."

"मीही बसलेय."

 लापलाप निवत गेलं. आतून हलकं हसणं, मग कुणीतरी कुणाला काही म्हटलं. ऊन लेइसालेच्या पायांवरून उतरून वाटेत गेलं तेव्हा काल्तोइ दारात दिसला. वाकून बाहेर आला, चार पावलं चालला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"आंटी, मी काही घेणार नाही. सहीपण करणार नाही."

"सही लागत नाही. ऐक तर."

लेइसाले उठली. इतका वेळ बसून गुडघे धरले होते, तिनं झाडाला हात लावला. मग पिशवीतून कागद काढला आणि आमच्या भाषेत, चर्चमध्ये धडा वाचतात तसा सावकाश वाचू लागली. आधी त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव. नेलीला मारायचं नाही. मारीन असं म्हणायचं नाही. फालेआत ती राहते त्या घराजवळ जायचं नाही, वाटेत, चर्चमध्ये, मळ्यात दिसली तर बाजूला व्हायचं. तिला बोलवायला, समजवायला, आणायला कुणालाही पाठवायचं नाही.

काल्तोइनं आईकडे पाहिलं. "कुणालाही म्हणजे? ही माझी आई आहे."

"आईलाही नाही."

"हे कागदात नाही. हे तू मनचं जोडतेस."

"मग तू वाच की."

तिनं कागद पुढे धरला. त्याचा उजवा हात पाठीमागून निघाला आणि कागदाला लागला. लेइसालेनं आपली बोटं सोडली. काल्तोइला ते क्षणभरानं कळलं. कागद टाकून द्यावा की काय, असं त्याच्या खांद्यात दिसलं. पण त्याच्या नावाचं ते एकेक ताठ अक्षर समोर होतं, आणि आई बघत होती. तो ओठ हलवत वाचू लागला. कुणालाही पाठवायचं नाही, ही ओळ आली तेव्हा त्यानं ती दोनदा वाचली; त्यात आई वगळलेली नव्हती.

"चौदा दिवस?" तो म्हणाला.

"चौदा. त्यात गुरुवार येतो. त्या दिवशी शाळेत मॅजिस्ट्रेट बसतील. नेली बोलेल, तुलाही बोलू देतील. ऐकल्याशिवाय ते लांबचा आदेश काढत नाहीत."

"मग डुक्कर परत मिळतं का?"

नाकामालच्या दारात चीफ येऊन उभे होते. तेच हसले, एकदाच, नाकातून.

"डुकराचं चीफना विचार," लेइसाले म्हणाली. "कागदात डुक्कर नाही. मी काय वाचलं ते आता तू मला सांग."

त्याला शाळेत उभं केल्यासारखं झालं. मान खाली घालून त्यानं सांगितलं. मारायचं नाही. धमकी नाही. फालेआला जायचं नाही. कुणाला पाठवायचं नाही. गुरुवारी यायचं.

"आणि मोडलं तर?"

"पोलीस."

"फाइन?"

काल्तोइनं कागदावरून पुन्हा नजर फिरवली. तौआरानं टोपलीवरची पकड आवळली. लेइसाले थांबली होती. तिला घाई नव्हती, सकाळपासून नव्हती.

"फाइन नाही," काल्तोइ म्हणाला.

लेइसालेनं वही काढली, झाडाच्या खोडाला टेकवली. शुक्रवार. जागा, नाकामालच्या वाटेवर, नांगायच्या झाडाखाली. हातात दिला, वाचून दाखवला, त्यानं आपल्या तोंडानं परत सांगितला. वेळेपाशी तिचं पेन अडलं. तिच्याकडे घड्याळ नव्हतं.

"तीन वाजून वीस मिनिटं," चीफ दारातून म्हणाले. त्यांनी फोन खिशात ठेवला. "माझं नावही लिही. मी पाहिलं."

तिनं लिहिलं. कार्बनखालची एक प्रत नेलीची होती, ती घडी करून वेगळी ठेवली, कारण तीही हातात द्यायची होती. फालेआ दोन तासांची वाट, मधे एक चढ. ती छत्री घेऊन वळली तेव्हा तौआरानं पान सोडून लापलापचा मोठा तुकडा तोडला आणि तिच्या पिशवीत घातला.

"लांब जायचंय तुला," ती म्हणाली. "आणि हे बघ, नेलीला सांग—"

लेइसालेनं तिच्याकडे पाहिलं. 

तौआरानं तोंड मिटलं. मग म्हणाली, "नाही. काही सांगू नकोस."

"ती पानं वाळली की काय करशील?"

"माझ्यासाठी विणीन. बसायला नाही मला धड चटई घरात."

लेइसालेनं मान हलवली आणि चालू लागली. काल्तोइ तिथेच उभा होता, एका हातात कागद, दुसरा हात रिकामा, जेवण अजून मागितलं नव्हतं. चीफ दारातून आत गेले. तौआरा मात्र वाटेच्या मधे येऊन उभी राहिली आणि ती काळी छत्री माडांच्या खोडांमागे जाते, पुन्हा दिसते, पुन्हा जाते, हे बघत राहिली. चढावर छत्री एकदा थांबली, बहुतेक लापलाप खायला. मग वर गेली आणि पलीकडे उतरली.